पडदा अर्धाच लावा

घरात कुणाला क्षयरोग झाल्याचे कळले की पहिली धावपळ होते ती खिडकीपाशी. शेजाऱ्यांना कळू नये, खोकल्याचा आवाज बाहेर जाऊ नये म्हणून काचा लागतात आणि जाड पडदा ओढला जातो. ओपीडीत घरची चौकशी केली की हे नेहमी ऐकायला मिळते, ‘खोली वेगळी दिलीय डॉक्टर, खिडकी बंदच असते.’ आपण योग्य तेच केले, असा विश्वास त्या आवाजात असतो. पण त्याच खोलीत ताट घेऊन जाणारी सून आणि आजोबांजवळ खेळायला जाणारी नात तीच कोंडलेली हवा आत घेत असतात.

क्षयाचे जंतू ताट-वाटीतून किंवा कपड्यांतून नव्हे, हवेतून पसरतात. खोकल्याबरोबर उडणारे अतिसूक्ष्म कण बंद खोलीत तासन्‌तास तरंगतात. हवा खेळती असेल तर ते बाहेर निघून जातात. पेरू देशातल्या लिमा शहरात 8 रुग्णालयांमध्ये हे मोजून पाहिले गेले आणि 2007 मध्ये ते प्रसिद्ध झाले. दारे-खिडक्या उघडल्यावर खोलीतली हवा तासाला साधारण 28 वेळा बदलत होती. यंत्राने हवा खेळवणाऱ्या खोल्यांसाठी धरलेला आकडा होता 12. उंच छताच्या, मोठ्या खिडक्यांच्या जुन्या इमारती नव्यांपेक्षा सरस ठरल्या. सरकारी रुग्णालयाच्या जुन्या दगडी वॉर्डांत उमेदवारी केलेल्या आम्हा लोकांना हे वाचून बरे वाटले, हे कबूल करायला हवे.

मात्र ‘खिडकी उघडी ठेवा’ एवढे सांगून भागत नाही. चाळीच्या गॅलरीत किंवा वस्तीतल्या बोळात माणसे खिडकीपासून हातभर अंतरावरून जातात. आत कपडे बदलणाऱ्या मुलीला आडोसा हवाच. जुन्या घरांतून खिडकीला वरची आणि खालची झडपे वेगळी असत. खालची लावून वरची उघडी ठेवता येत. तीच सोय अर्ध्या पडद्याने होते.

खिडकीचा कट्टा जमिनीपासून तीन फुटांवर असेल तर पडद्याची दांडी त्याच्यावर अडीच फुटांवर, म्हणजे जमिनीपासून साडेपाच फुटांवर लावावी. जाणाऱ्या-येणाऱ्याची नजर अडते आणि वरचा भाग मोकळा राहतो. बाहेरचा रस्ता उंच असेल तर दांडीही थोडी वर घ्यावी. बाजारात मिळणारी प्लास्टिकचे आवरण असलेली स्प्रिंग स्वस्त असते, पण रुंद खिडकीत मधोमध झोळ पडतो. तिथे पातळ सळईच बरी.

चार फूट रुंद खिडकीला 36 इंच पन्ह्याचे सुती कापड दोन मीटर पुरते. ते आधी रात्रभर भिजवून वाळवावे, कारण सुती कापड पहिल्या पाण्यात आटते. मग 36 इंचांचे दोन तुकडे कापावेत. वर दोन इंचांचा नेफा, खाली अडीच इंचांची दुमड, दोन्हींत अर्धा इंच आत मोडायला. अडीच फुटांचा पडदा तयार होतो. दोन तुकड्यांची मिळून रुंदी सहा फूट, त्यामुळे चुण्या बेताच्या पडतात. शिलाई मशीन नसेल तर हातटाक्यानेही जमते. वापरून मऊ झालेली सुती साडी असेल तर कापड विकत आणायचेही कारण नाही.

जाड, अस्तर लावलेले पडदे दिसतात छान, पण ते वारा अडवतात, धूळ धरतात आणि धुवायला जड म्हणून दिवाळीशिवाय उतरत नाहीत. घरात दम्याचा रुग्ण असेल तर ही धूळ त्रासाची. पातळ पडदा दर दोन आठवड्यांनी धुऊन उन्हात टाकता येतो. दुपारच्या पश्चिमेच्या उन्हासाठी आतला जाड पडदा फारसा उपयोगी नाही. काचेतून आत आलेली उष्णता खोलीतच राहते. बांबूची चटई बाहेरून, खिडकीपासून थोडी सुटी टांगावी. डासांसाठी पलंगाला मच्छरदाणी लावावी.

सरकत्या काचांच्या खिडकीची अडचण वेगळी. ती एका वेळी निम्मीच उघडते. तिथे बंद बाजूला पूर्ण उंचीचा पडदा चालेल, उघड्या बाजूला मात्र अर्धाच हवा.

औषधे नियमित सुरू झाली की बहुतेक रुग्णांपासूनचा संसर्गाचा धोका काही आठवड्यांत बराच कमी होतो. तोवर, आणि त्यानंतरही, वाऱ्याची दिशा पाहावी. टेबलफॅन रुग्णाच्या मागे, तोंड खिडकीकडे असा ठेवून दार उघडावे. पातळ पडदा बाहेरच्या बाजूला फुगला तर हवा बाहेर जाते आहे. तो आत फुगत असेल तर रुग्णावरून आलेला वारा घरात शिरतो आहे. पंख्याची जागा बदलून पुन्हा पाहावे.