ठासणीच्या बंदुकीचा चाप

दिवाळीपूर्वींची झाडलोट म्हणजे जुन्या वाड्यांतून लहानसें इतिहाससंशोधनच असतें. गेल्या वर्षीं आमच्या आजोळीं, धुळ्यास, कुलुपाच्या कपाटांतून पणजोबांची ठासणीची बंदूक बाहेर निघाली. पीकरक्षणासाठीं घेतलेला परवाना आज मामांच्या नांवें आहे. परंतु चाप मोडल्यापासून ती कापडांत गुंडाळून पडलेली. अभियांत्रिकी शिकणारा मामेभाऊ म्हणाला, "एवढेंच ना? कानस द्या, अर्ध्या तासांत नवा चाप करतों." माजघराच्या उंबऱ्यावरून आजीनें विचारलें, "अरे, पण आंत बार आहे कीं नाहीं, हें कोणी पाहिलें का?"

कोणी पाहिलें नव्हतें. घोड्याखालीं केप नाहीं अशी खात्री करून, नळीचें तोंड माणसांपासून दूर धरून, मामांनीं गज आंत सोडला व जेथवर तो गेला तेथें खडूची खूण केली. मग तोच गज नळीच्या बाहेरून लावून पाहिला. तो बुडापासून चांगला चार बोटें अलीकडेंच थांबत होता! कोरडी राहिलेली काळी दारू कित्येक दशकें आपलें तेज सोडीत नाहीं. मामेभावाच्या हातांतील कानस तेथेंच खालीं आली.

खानदेशास ही बंदूक परकी नाहीं. १८२५ सालीं जेम्स औट्रम ह्यानें येथील भिल्लांची पलटण उभारली. तिचें ठाणें जळगांवकडील धरणगांवास होतें. १८५७ सालीं ज्या काडतुसांवरून असंतोष भडकला, तीं एन्फील्ड रायफलीचीं होतीं. ती रायफलहि ठासणीचीच. काडतूस दातांनीं फोडून दारू तोंडाकडून ओतावयाची व वर गोळी गजानें ठासावयाची. नळीस आंतून पेंचदार आटे असल्यामुळें तिचा नेम लांबवर लागे. उठावानंतर इंग्रज सरकारनें देशी पलटणींच्या हातीं आटे नसलेल्या नळीच्या बंदुका दिल्या, ह्यांतच त्या आट्यांचें महत्त्व दिसून येतें.

आतां चापाकडे वळूं. चाप ही खिळ्यावर झुलणारी साधी तरफ होय. बोटानें ओढतांच तिचें वरचें पातें एका खिटीस उचलतें. खिटीचें नाक घोड्याशीं जोडलेल्या फिरकीच्या खांचेंतून सुटतें. दाबून धरलेली कमान फिरकीस फिरविते आणि घोडा केपेवर आदळतो. खांचा दोन असतात. पहिलींत घोडा अर्धा चढतो व चाप ओढला तरी सुटत नाहीं. दुसरींत तो पुरा चढतो. सारी सुरक्षितता त्या खांचेंत खिटीचें नाक पुरतें बसण्यावर अवलंबून असते. घरीं केलेल्या चापाचें पातें केसभर जरी लांब राहिलें, तरी तें खिटीस सदैव वर रेटीत राहतें. मग बंदूक आपटतांच घोडा सुटण्याची भीति. लोखंड मऊ असल्यास पातें लवकर झिजतें तें निराळेंच.

आणि कायदा काय म्हणतो? १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या पांचव्या कलमान्वयें बंदुकीची दुरुस्ती हा व्यवसायहि परवान्यावांचून करतां येत नाहीं. बंदूक बाळगण्याचा परवाना म्हणजे ती दुरुस्त करण्याचा परवाना नव्हे. "मोडकी आहे, तिला कसला कायदा?" असें म्हणणारेहि भेटतात. परंतु जें शस्त्र दुरुस्त करूनसुद्धां चालणार नाहीं अशालाच पंचेचाळिसाव्या कलमानें सूट आहे. मोडका चाप बदलतां येतो. म्हणून ही सूट आमच्या बंदुकीस लागू नव्हती. शिवाय २०१९ च्या दुरुस्तीनें एका परवान्यावर तीनऐवजीं दोनच बंदुका ठेवतां येतात, व त्यांत वडिलोपार्जितहि मोजल्या जातात.

अखेर पोलीस ठाण्यांत कळवून परवानाधारक कारागिराकडून बार काढविला आणि चापाचें काम त्याच्याच दुकानांत झालें. मामेभाऊ शेजारीं बसून पाहत होता. कारागिरानें मोडक्या चापाचे दोन्ही तुकडे जुळवून पत्र्यावर रेघ ओढली. पातें मुद्दाम थोडें मोठें ठेवलें. मग एक घांस कानस, एकदां बसवून पाहणें, पुन्हां एक घांस, असें अर्धा दिवस चाललें. चाप आणि खिटी ह्यांमध्यें किंचित् ढिलाई राहिल्यावरच त्यानें पोलादास पाणी दिलें. घोडा पुरा चढवून लांकडी हातोडीनें दस्त्यावर ठोके दिले. घोडा हलला नाहीं. रिकामी चाचणी घेतांना केपेच्या खुंटीवर कातड्याचा तुकडा ठेवण्यासहि तो विसरला नाहीं.

आपल्या घरीं अशी बंदूक असेल, तर परवान्याची मुदत आजच पाहावी. चापास हात लावण्यापूर्वीं केप व गज ह्यांची तपासणी करावी. आंत कांहीं आढळल्यास स्वतः काढूं नये. मोडका तुकडा जपून ठेवावा. कारागिरास मापासाठीं तो लागतो. आमच्याकडील तुकडा मामेभावानें आतां आपल्या कंपासपेटींत ठेवला आहे, आणि बंदूक कपाटांत जातांना गज आंत सोडून पाहण्याचें काम आजीनें त्याच्याकडेच सोंपविलें आहे.