बारवीच्या परिसरातील भातखाचरे : बोली-अभ्यासाच्या क्षेत्रभेटीची आखणी

डोंगराळ भागातील कृषिविषयक शब्दसंपत्ती गोळा करावयाची तर क्षेत्रभेटीचा काळ विद्यापीठाच्या वेळापत्रकावरून नव्हे, तर भातपिकाच्या क्रमावरून ठरविला पाहिजे. बदलापूरच्या पूर्वेस, बारवी धरणाच्या भोवतालच्या अंबरनाथ व मुरबाड तालुक्यांतील वाड्या या दृष्टीने अभ्यासास सोयीच्या आहेत. मध्य रेल्वेच्या कल्याण–कर्जत मार्गावरील बदलापूर स्थानकापासून त्या फार दूर नाहीत. शिवाय या प्रदेशास अभ्यासाची पूर्वपरंपरा आहे. ना. गो. चापेकर यांचा बदलापूरविषयक ग्रंथ १९३३ साली प्रसिद्ध झाला, ल. ना. चापेकर यांचा सह्याद्रीतील ठाकरांवरील इंग्रजी ग्रंथ १९६० चा. ग्रियर्सनच्या भाषिक सर्वेक्षणाच्या सातव्या खंडात (१९०५) ठाकरी व कातकरी बोलींची नोंद आहे. निघण्यापूर्वी एवढे वाचन तरी झालेले असावे.

येथील शेतीचे दोन थर आहेत. उताराच्या खालच्या अंगास बांध घालून पायऱ्यापायऱ्यांनी केलेली भातखाचरे, आणि वर, जेथे पाणी ठरत नाही तेथे, नाचणी-वरीची वरकस जमीन. वरच्या खाचरातील पाणी खालच्यात उतरते. म्हणून बांध कोणी, कोठे व केव्हा फोडावयाचा हा नुसता शेतीचा प्रश्न राहत नाही, तो शेजारधर्माचा आणि पुष्कळदा भांडणाचाही होतो. बांधातून पाणी खाली सोडण्यासाठी ठेवलेल्या वाटेला काय म्हणतात, हे प्रत्येक वाडीत स्वतंत्रपणे विचारावे. एका वाडीचे उत्तर दुसरीला लागू पडेल असे गृहीत धरू नये.

भातरोपांची परिभाषा विशेष उद्बोधक आहे. ज्या जागी रोपे वाढवावयाची ती जमीन उन्हाळ्यात पालापाचोळा, फांद्या व शेण पसरून भाजतात. त्यास राब म्हणतात. मोल्सवर्थच्या कोशात हा शब्द आहेच. परंतु रोपांचे नाव मात्र प्रदेशागणिक पालटते : ठाणे-रायगडकडे ‘आवण’ आणि त्यावरून लावणीस ‘आवणी’, दक्षिणेकडे ‘तरवा’, तर रोपवाटिकेस ‘दाढ’. उत्तर कोकणात शब्दांच्या सीमारेषा शोधणाऱ्यास हे शब्द चांगले साधन ठरतील. केवळ यादी दाखवून ‘याला काय म्हणता?’ असे विचारल्यास मात्र शेतकरी शहरी माणसाला कळेल असा शब्द सांगतो, आणि नेमका हवा तो शब्द हाती लागत नाही. काम चालू असताना ऐकलेला शब्द अधिक विश्वसनीय असतो.

यासाठी निदान तीन फेऱ्या योजाव्यात. पहिली राब भाजण्याच्या वेळी, चैत्र-वैशाखात. दुसरी आवणीच्या वेळी, म्हणजे मृगात पेरलेली रोपे सुमारे तीन आठवड्यांनी उपटतात तेव्हा. तिसरी दसरा-दिवाळीच्या सुमारास, कापणी-झोडणीच्या वेळी. यांपैकी आवणीची फेरी सर्वांत फलदायी आणि सर्वांत अवघड. त्या दिवसांत घरातील प्रत्येक माणूस चिखलात असतो. पाऊस मिळाला तोवर काम उरकावयाचे असते. अशा वेळी माणसाला बांधावर बसवून शंभर प्रश्नांची प्रश्नावली पुढे करणे हा त्याच्या मजुरीवर घाला आहे. विद्यार्थ्याने ऐकावे, टिपावे, आणि प्रश्न संध्याकाळी विचारावेत. पावसाळ्यात धरणे व धबधब्यांच्या परिसरात जाण्यास जिल्हा प्रशासन वेळोवेळी मनाई करते. तेव्हा आधी चौकशी करून, ग्रामपंचायतीस पत्र देऊनच जावे.

नोंदवहीत ‘भाषा : मराठी’ एवढे लिहून भागणार नाही. माहिती देणारी व्यक्ती क ठाकूर, म ठाकूर, कातकरी, महादेव कोळी की कुणबी, तिचे वय किती, माहेर कोणते, हे सर्व नोंदले पाहिजे. स्त्रियांच्या बाबतीत माहेरचा तपशील वगळल्यास सासरच्या वाडीच्या नावावर दुसऱ्याच वाडीचे शब्द जमा होतात. लावणीत स्त्रियांचा वाटा मोठा असल्याने ही चूक किरकोळ नव्हे.

आणखी एक काम तातडीचे आहे. बारवी धरण महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाचे. त्याचे पाणी कारखान्यांना आणि उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर यांसारख्या शहरांना जाते. त्याची उंची टप्प्याटप्प्याने वाढविली गेली, तसतशी मुरबाड तालुक्यातील काही गावे व त्यांची खाचरे पाण्याखाली गेली. सातबाऱ्यावर जमिनीचा गट क्रमांक असतो. पण एकेका खाचराला लोकांनी दिलेले नाव, जे झाडावरून, देवावरून, पूर्वजावरून वा एखाद्या घटनेवरून पडलेले असते, ते बहुधा कोणत्याही कागदावर नसते. खाचर बुडाले की ते नाव उच्चारण्याचे कारणच उरत नाही. विस्थापित कुटुंबांतील वडीलधाऱ्यांकडून, शिवाराचा कच्चा नकाशा त्यांच्याच हातून काढवून घेऊन, ही नावे टिपता येतील. या कामाला पावसाची वाट पाहावी लागत नाही, मे महिन्याची सुट्टीही पुरते. आणि सांगणारी माणसे वृद्ध असल्यामुळे पहिली फेरी याच कामाने सुरू करणे इष्ट.