तंटा ते तोडगा – भाग ६ : 'थ्री-जी'चा निवाडा आणि लवाद

गेल्या आठवड्यात आपण २०२३चा मध्यस्थी कायदा पाहिला. मध्यस्थ निर्णय देत नाही. दोन्ही पक्षांची सही झाली तरच तोडगा. लवाद मात्र निवाडा देतो, आणि तो दोघांवर बंधनकारक असतो. त्यामुळे लवाद नेमतो कोण, याला फार महत्त्व आहे. करारातल्या वादात दोन्ही पक्ष मिळून तो निवडू शकतात. महामार्गात जमीन गेलेल्या शेतकऱ्याला ही निवड नाही.

सुरत–चेन्नई महामार्गाच्या भूसंपादनात मोबदल्याच्या दरावरून आपल्या सोलापूर जिल्ह्यात अक्कलकोट, बार्शीकडचे शेतकरी आंदोलनात उतरले. त्या गावांत आता कलमंच बोलली जातात : 'थ्री-ए निघालं', 'थ्री-डी झालं', 'थ्री-जी आलं'. ही १९५६च्या राष्ट्रीय महामार्ग कायद्यातली कलमं : थ्री-ए म्हणजे जमीन घेण्याच्या इराद्याची अधिसूचना, थ्री-डी म्हणजे संपादनाची घोषणा, थ्री-जी म्हणजे मोबदल्याचा निवाडा. थ्री-जीच्या निवाड्यातली रक्कम मान्य नसेल, तर ३जी(५)प्रमाणे लवादाकडे अर्ज करावा लागतो. हा लवाद केंद्र सरकार नेमतं आणि बहुधा तो जिल्हाधिकारी किंवा वरिष्ठ महसूल अधिकारी असतो. जमीन सरकारनं घ्यायची, दर अधिकाऱ्यानं ठरवायचा आणि त्यावरची तक्रारही अधिकाऱ्यानंच ऐकायची. मला ही रचनाच अन्यायाची वाटते.

नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठानं सांगितलं, की सरकारी कंपनीला एकतर्फी लवाद नेमता येणार नाही. पण तो निकाल करारांपुरता. महामार्गाचा लवाद कायद्यानंच नेमलेला. त्याआधी, जून २०२४ मध्ये केंद्रीय अर्थ खात्यानं सरकारी विभागांना कळवलं, की खरेदीच्या आणि कामांच्या करारांत लवादाचं कलम सरसकट घालू नका, १० कोटींच्या आतल्या वादांपुरतंच ठेवा. ठेकेदारांशी भांडताना सरकारला जो मार्ग नको झालाय, तोच शेतकऱ्याला सक्तीचा आहे.

लवादानं दर कमी लावला तर पुढे काय? इथं तमिळनाडूचं एम. हकीम प्रकरण समजून घ्यायला हवं. तिथं महामार्गात गेलेल्या जमिनीला चौरस मीटरला ४६.५५ ते ८३.१५ रुपये मिळाले होते. जिल्हा न्यायालयानं ते ६४० रुपयांवर नेले. जुलै २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्या शेतकऱ्यांची वाढीव रक्कम काढून घेतली नाही, पण कायदा पक्का केला : लवाद कायद्याच्या कलम ३४ खाली न्यायालय लवादाचा निवाडा रद्द करू शकतं, बदलू शकत नाही. ३० एप्रिल २०२५ला गायत्री बालसामी प्रकरणात घटनापीठानं चार विरुद्ध एक मतानं ही दारं थोडी किलकिली केली. चुकीचा भाग वेगळा काढता येतो, आकडेमोडीची चूक दुरुस्त होते, निवाड्यानंतरच्या व्याजात बदल करता येतो. जमिनीचा दर नव्यानं ठरवणं मात्र त्यात बसत नाही.

म्हणून खरी लढाई लवादापुढेच आहे आणि ती कागदांची आहे. 'वकीलसाहेब बघतील, पुढे कोर्ट आहेच' म्हणून अर्ज कोरडा टाकू नका. थ्री-एच्या तारखेला जमिनीचा बाजारभाव काय होता, हे दाखवायचं आहे. तेव्हा आधीच्या तीन वर्षांतली आसपासची खरेदीखतं काढा. बागायत जमीन जिरायत धरली असेल, तर सातबाऱ्यावरची पीकपाहणी, विहिरीची नोंद, पंपाची वीजबिलं, कारखान्याला घातलेल्या उसाच्या पावत्या जोडा. रस्त्यानं शेताचे दोन तुकडे झाले आणि पलीकडच्या तुकड्याला वाट किंवा पाणी उरलं नाही, तर त्या नुकसानीचाही विचार लवादानं करायचा असतो. हा मुद्दा कायद्यात स्पष्ट लिहिलेला आहे, तो अर्जात स्वतंत्रपणे मांडा.

लवादाचा निवाडा हाती आल्यावर कलम ३४ खाली जिल्हा न्यायालयात जायला तीन महिने मिळतात. सबळ कारण असेल तर आणखी ३० दिवस, त्यापुढे एक दिवसही नाही. प्रत मिळाल्याची तारीख त्याच दिवशी लिहून ठेवा.

(पुढील आठवड्यात : यंत्रमागधारकांची थकलेली बिलं आणि ४५ दिवसांचा नियम)