दार वाजायचंच!

अहिल्यानगर जिल्ह्यातल्या कर्जतला लागूनच जामखेड. विधानसभा मतदारसंघ एकच, दुष्काळही एकच. १९७० साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी जामखेडला समग्र ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. गावोगावी आरोग्यसेविका झाल्या त्या गावातल्याच बायका. कित्येकींना अक्षरओळख नव्हती, अनेक जणी दलित वस्तीतल्या. बाळंतपण, जुलाबावर मीठ-साखरेचं पाणी, कुष्ठरोगाचा चट्टा ओळखणं हे सगळं त्या शिकल्या. १९७९ मध्ये आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. सेविकांचं काम मात्र पगारी नोकरी नव्हतं, त्यामुळे निवृत्तीचं वयही नव्हतं. नातवंडं खेळवायच्या वयातही अनेकींनी ते सोडलं नाही. ‘आता आम्हाला कोण विचारतंय’ म्हणायला सवड कुठली? कुणाच्या ना कुणाच्या सुनेला कळा लागलेल्या असायच्या.