राजधनेश आणि ककणेर

कोंकणच्या रानांत वावरणारे दोन मोठे पक्षी आमच्या पुष्कळ वाचकांच्या पाहण्यांतले असतील. एक राजधनेश, ज्यास कित्येक गांवीं गरुडच म्हणतात, दुसरा ककणेर. दोघांच्याहि चोंचीवर शिंगासारखा उंचवटा असल्यामुळें त्यांस एकच समजण्याची चूक होते. तो भेद जाणणें शेतकऱ्यास अगत्याचें आहे. कारण कोंकणांतील रानाचा मोठा भाग खाजगी मालकीचा असून या पक्ष्यांचें भवितव्य आपल्याच हातीं आहे.

राजधनेश सुमारें १०० सेंटिमीटर लांब असतो. त्याची मान पिवळसर व पांढऱ्या शेपटीवर आडवा काळा पट्टा असतो. ककणेर सुमारें ६५ सेंटिमीटरांचा. त्याचें पोट पांढरें व चोंचीवरील उंचवट्यावर काळा डाग. राजधनेशास उंच झाडांचें दाट रान लागतें. ककणेर नदीकांठच्या विरळ रानांतहि निभावून नेतो. आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघाच्या यादींत २०१८ सालापासून राजधनेश 'असुरक्षित' वर्गांत आहे. ककणेर एक पायरी अलीकडे, 'संकटसमीप' वर्गांत आहे.

परंतु या एका पायरीवर विसंबून राहूं नये. वड, उंबर यांचीं फळें आणि जुन्या झाडाची ढोली यांवांचून दोघांचेंहि चालत नाहीं. मादी ढोलींत बसून तिचें तोंड लिंपून घेते आणि चोंचीपुरती फट ठेवते. पुढें कित्येक आठवडे नर तिला भरवितो. राजधनेशाचें बहुधा एकच पिलूं वाढतें. म्हणून एक ढोली गेली कीं ती हानि लवकर भरून निघत नाहीं.

अडचणीच्या वर्षीं ठेकेदाराचा रोख पैसा नाकारणें किती कठीण, हें आम्ही जाणतों. तरीहि पोकळ खोडास इमारती लाकडाचा भाव येत नाहीं. तें बहुधा जळाऊ म्हणूनच जातें. त्या थोडक्या पैशासाठीं पिढ्यांनीं वाढलेला वृक्ष जातो, आणि रानांत दूरवर बीं टाकून नवीं झाडें उठविणारा पक्षीहि जातो.

यास्तव आमची एकच विनंति आहे. जानेवारीपासून पावसाळ्यापर्यंत कोणत्याहि जुन्या झाडास कुऱ्हाड लावण्यापूर्वीं खोडाकडे नीट पाहावें. लिंपलेली ढोली व तिच्याखालीं पडलेल्या बिया दिसल्यास तें झाड त्या वर्षींच नव्हे, तर कायमचें राखावें. कारण पुष्कळदां तेंच जोडपें पुढील वर्षींहि त्याच ढोलीकडे परततें.