जाड बॅटरी केबल आणि तिच्या टोकाचा लग

मंडळी, आज आपण बोलणार आहोत बोटाएवढ्या वस्तूबद्दल. बॅटरीच्या जाड केबलच्या टोकाला बसवतात तो तांब्याचा लग. कोणी त्याला थिंबल म्हणतं.

सुरुवात खोपोलीपासून करू. १९१५ साली इथल्या जलविद्युत केंद्राची वीज मुंबईला गेली ती उच्च दाबाने. दाब जास्त असला की तेवढ्याच शक्तीला प्रवाह कमी लागतो, तारा कमी तापतात. बॅटरीचं नेमकं उलट. १००० वॅटचा लोड २३० व्होल्टवर साडेचार अँपिअरही घेत नाही. १२ व्होल्टच्या बॅटरीतून मात्र इन्व्हर्टरची घट धरून शंभरेक अँपिअर ओढले जातात.

आता हिशेब बघा. जोडात एक मिलिओहम रोध असेल, तर १०० अँपिअरला तिथे १० वॅट उष्णता होते. पाच मिलिओहम झाला की ५० वॅट, म्हणजे २५ वॅटच्या दोन सोल्डरिंग आयर्न एकाच जागी. आणि फ्यूज उडत नाही, कारण प्रवाह नेहमीचाच असतो! म्हणून हा दोष घातक.

माथेरानला डिसेंबर २०२२ मध्ये ई-रिक्षा प्रायोगिक तत्त्वावर सुरू झाल्या. चढावर मोटर जास्त प्रवाह मागते, रस्त्याचे हादरे वेगळेच. वाटेत जोड जळाला तर चालकाचा दिवस बुडतो. किनाऱ्यावरच्या होडीत याच्या जोडीला खारी हवा. म्हणून तिथे केबल आणि लग दोन्ही कल्हईचे घ्यावेत.

मग लग दाबायचा कसा? केबल ३५ चौरस मिलिमीटरची, तर लगही ३५ चाच, आणि त्याचं भोक बोल्टच्या मापाचं. आवरण लगच्या नळीएवढं सोलायचं, एकही तार तोडायची नाही. काही जण तारा कापून केबल बारीक करतात, काही जण सैल लगमध्ये तुकडे कोंबतात. दोन्ही चूक. श्रिंक स्लीव्ह आधीच केबलवर सरकवून ठेवा. मग मापाची डाय लावून हायड्रॉलिक क्रिम्परने दाबा. दोन दाब द्यायचे तर पहिला बोल्टच्या बाजूचा. छिन्नी-हातोड्याने लग चेपतो, पण आतल्या तारांमध्ये पोकळी राहते. नीट दाबलेल्या जोडात तारा आणि नळी एकजीव होतात. ओलावा शिरायला जागा राहत नाही, हिरवा कळंक चढत नाही.

'वरून सोल्डर भरलं तर?' असं आम्हाला नेहमी विचारतात. सोल्डर केबलमध्ये वर चढतं, तिथली केबल ताठ होते आणि हादऱ्याने नेमकी तिथेच तुटते. शिवाय साधं सोल्डर १८३ अंशांना मऊ पडतं. चांगल्या दाबाला त्याची गरज नाही.

बसवताना लग थेट टर्मिनलवर, वॉशर त्याच्या वर. केबल काढताना निगेटिव्ह आधी, लावताना शेवटी.

शेवटची गोष्ट, घरी आजच करता येईल अशी. लोड चालू ठेवून मल्टिमीटरने बॅटरीचा पोल आणि केबलचं दुसरं टोक यांच्यातले मिलिव्होल्ट मोजा. दोन्ही केबल सारख्या जाडीच्या, सारख्या लांबीच्या असतील तर आकडे जवळपास सारखे हवेत. जिथे जास्त, तिथला जोड उघडून बघा. पावसाळ्याआधी एकदा एवढं केलंत, तरी पुष्कळ झालं.