कायदा झाला, तपासनीस कोठें आहेत?

दरवर्षीं २ जानेवारीस मुरबाड तालुक्यांतील सिद्धगडावर लोक जमतात. १९४३ सालीं याच दिवशीं वीर भाई कोतवाल व हिराजी पाटील यांस तेथें हौतात्म्य आलें. कोतवाल हे स्वतः वकील होते. कागदावरचा कायदा आणि गरिबाच्या उपयोगीं पडणारा कायदा यांतील अंतर वकिलांस वेगळें सांगावयास नको.

तें अंतर किती भयंकर असतें हें शेजारच्या शहापूर तालुक्यानें पाहिलें आहे. ३१ जुलै २०२३ च्या मध्यरात्रीच्या सुमारास सरलांबें येथें समृद्धि महामार्गाच्या पुलावर तुळया चढविणारें अवाढव्य यंत्र कोसळलें व २० माणसें गेलीं. याच ठाणें जिल्ह्यांत डोंबिवलीस २६ मे २०१६ रोजीं रासायनिक कारखान्यांतील स्फोटानें १२ जण दगावले. मे २०२४ मध्यें त्याच औद्योगिक वसाहतींत पुन्हां स्फोट होऊन माणसें मेलीं. कारखान्यांसाठीं १९४८ चा व बांधकाम मजुरांसाठीं १९९६ चा कायदा त्या वेळीं अमलांत होताच. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्यांच्या जागीं नवी संहिता आली असून तपासनिसास 'सुविधाकार' ही जोडपदवी मिळाली आहे. नांव गोड आहे. पण यंत्र कळणारा माणूस नांवानें निर्माण होत नाहीं.

१९४८ च्या कायद्यानें प्रत्येक जिल्हा दंडाधिकारी आपोआप कारखान्यांचा निरीक्षक ठरे. ज्यानें दंगे आवरावे, त्यानेंच रसायनाच्या पात्राचा दाब ओळखावा! १९४७ च्या आंतरराष्ट्रीय करारांत मात्र तपासणीच्या कामीं वैद्यक, यंत्रविद्या, वीज व रसायन यांचे तज्ज्ञ घ्यावे असें स्पष्ट कलम आहे. हिंदुस्थाननें तो करार १९४९ सालीं मान्य केला.

आमचे व्यापारी वाचक म्हणतील, तपासनीस म्हणजे नसती कटकट. कटकट होते हें खरें. पण ती अडाणी तपासनिसाची. त्यास झडप कळत नाहीं, म्हणून तो हजेरीपटांतील खाडाखोड शोधीत बसतो. जाणता रसायनज्ञ घटकाभरांत पाहून जाईल, आणि धोका दिसल्यास काम तिथल्या तिथें थांबविण्याची शिफारस करील. त्यांत कारखानदाराचेंही भांडवल वांचतें.

सबब आमचें मागणें एवढेंच आहे. ठाणें जिल्ह्यासाठीं तपासनिसांच्या मंजूर जागा किती, भरलेल्या किती, आणि त्यांत रसायनज्ञ, यंत्रज्ञ व डॉक्टर किती, हें सरकारनें दरसाल छापून प्रसिद्ध करावें. तपासणी खात्याच्या नोकरवर्गाची माहिती वार्षिक अहवालांत द्यावी असें त्याच कराराच्या २१ व्या कलमांत लिहिलेलें आहे.